उचल नवऱ्याच्या नावावर, बाकी बायकोच्या अंगावर

पंढरपूर-माळशिरसकडे ऊसतोड मजुरांची टोळी अडवून ठेवली अशी बातमी आली की चर्चा एकच, मुकादमाचे, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचे, पैसे बुडवले का? बाई त्या चर्चेत नसतेच. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याने घेतली, स्टॅम्पपेपरवर सही त्याची, वहीत नाव त्याचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यात ती नुसती निम्मा कोयता.

पण १९७६ च्या वेठबिगारी कायद्याची व्याख्या नीट वाचा. कर्ज एकाने घेतलं आणि काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं, तरी ती वेठबिगारीच. उचल घेणं हा गुन्हा नाही. मात्र उचलीपायी दुसरं काम धरायची किंवा निघून जायची मुभा गेली, किंवा मजुरी नावापुरती उरली, तर यातली एक गोष्टही पुरते.

हिशेब बघा. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. लाखाची उचल फिटायला त्या दराने २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडला आणि शंभर दिवसांत पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तर २६,८०० रुपये अंगावर फिरले. आठवड्याला खर्चासाठी घेतलेली खर्ची आणि खाड्याचा, म्हणजे कामाला न गेल्याचा, दंड वेगळाच. म्हणजे पुढच्या हंगामाला बाई आत्ताच बांधली गेली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सुटायचं तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) करा. पोलीस बऱ्याचदा ‘देण्याघेण्याची बाब आहे’ म्हणून वाटेला लावतात. अर्जात नुसती मारहाण लिहिली तर गुन्हाही तेवढाच लागतो, वेठबिगारी राहून जाते. म्हणून आधी उचल लिहा: किती, कधी, कुणाकडून. मग जाताना कुणी अडवलं, काय शब्द वापरले, आधार कार्ड कुणाकडे आहे. वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो असतील तर जोडा. नसले तरी अडत नाही, कारण हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे कलम १५ प्रमाणे पैसे देणाऱ्यानेच सिद्ध करायचं असतं. बाईचा जबाब मात्र एकटीचा घ्यायला लावा. मुकादम सोडाच, नवराही समोर नको. तो असला की ती मान डोलावते.

खरी गफलत मुक्ती प्रमाणपत्रात, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्यात, होते. ‘अमुक व कुटुंब’ असं एकच प्रमाणपत्र निघतं आणि बाई त्या ‘व’मध्ये गडप होते. प्रत्येक प्रौढाचं वेगळं मागा, खातंही तिचं वेगळं हवं. केंद्राच्या योजनेत पुनर्वसनाचे पुरुषाला एक लाख, बाईला दोन लाख आहेत. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते, पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. त्यामुळे कलमं सुरुवातीलाच बरोबर लागायला हवीत. (शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार! ७६ साली लिहिलेला आकडा तसाच आहे.)

मुकादमही कर्जात असतो, टोळ्या पळतात, हे खरंच आहे. त्याने तो हिशेब ज्याने पैसे दिले त्याच्याशी मिटवावा. कलम ६ ने वेठबिगारीचं कर्ज संपतं, आणि संपलेलं कर्ज वसूल करणं हाही गुन्हा आहे. नवरा वारला म्हणून बाकी बाईकडे किंवा पोरीकडे मागायला येणाऱ्यालाही हेच लागू.