मुक्कामी गाडी चार्ज कुठं करायची?

परवा पुण्याहून नगरला शिवाईनं, म्हणजे एसटीच्या इलेक्ट्रिक बसनं आलो. गाडी फलाटावरून हलली तरी शेजारचे आजोबा विचारत होते, "सुटली का हो?" इंजिनाचा आवाज नाही, गिअरचा खडखडाट नाही, डिझेलचा वास नाही. मी ३१ वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये. त्यामुळं सांगतो, गाडी झकास आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली, आणि २०२२ च्या १ जूनला पहिली शिवाईही याच रस्त्यावर काढली. ऊर भरून आला होता तेव्हा.

म्हणजे पुढचं वाचून कुणी "जुना माणूस, नव्याला नावं ठेवतो" म्हणू नका.

माझं दुखणं नियोजनाचं आहे. बातमी येते ती आकड्याची. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत १०,००० गाड्या. एसटीनं २०२३ मध्ये भाड्यानं घ्यायच्या ठरवल्या ५,१५०. मे २०२५ पर्यंत त्यातल्या दोन-अडीचशेच्या आसपास आल्या, आणि परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांनी करार रद्द करायला सांगितलं. मग सगळी चर्चा गाड्या का आल्या नाहीत यावर. आल्या असत्या तर उभ्या कुठं केल्या असत्या, हे कुणी विचारलंच नाही.

साधा हिशोब मांडतो. मोठी एसी गाडी किलोमीटरला युनिटभर किंवा थोडी जास्तच वीज खाते. दिवसाचे २०० किलोमीटर धरले तर २००-२५० युनिट. आमच्या घरी महिन्याला ११०-१२० युनिट येतात, म्हणजे आमचं दोन महिन्यांचं बिल ही गाडी एका दिवसात संपवते. तालुक्याच्या आगारात अशा ५० गाड्या रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान आत येणार आणि पहाटे पाचपासून सुटणार. प्रत्येकीला ६० किलोवॅटचा चार्जर एकाच वेळी लावला तर भार तीन मेगावॅट. तेवढ्यासाठी वेगळी लाईन ओढावी लागते, जागा लागते, महावितरणची मंजुरी लागते. डिझेलचं काम पंपावर दहा मिनिटांत उरकायचं. एका आगारात मी स्वतः बघितलंय, चार्जर मोजके आणि गाड्या रांगेत. प्रवासी फलाटावर ताटकळलेले, आणि वाहक बिचारा शिव्या खातोय.

आता खरा मुद्दा. मुक्कामी गाडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची गाडी रात्री साडेआठ-नऊला गावात पोचते, देवळापुढं किंवा पाराशी उभी राहते. चालक-वाहक तिथंच झोपतात. मी वाहक असताना तिकिटाची पेटी उशाशी आणि पैशाची बॅग पोटाशी घेऊन लांब सीटवर आडवा व्हायचो. कुणाच्या तरी घरून भाकरी यायची. सकाळी सहाला तीच गाडी कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत. ही गाडी बंद झाली की त्या गावातल्या मुलीचं अकरावीचं शिक्षण धोक्यात येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीचा करार असा असतो: गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक महामंडळाचा, आणि पैसे किलोमीटरवर. ठरलेले किलोमीटर झाले नाहीत तरी ठरलेले पैसे देणं आलंच. मग कुठलाही अधिकारी ती गाडी हमरस्त्यावरच पळवणार, मीही तेच केलं असतं. दिवसभर खेड्यापाड्यात रखडणारी आणि रात्रभर पाराशी उभी राहणारी फेरी त्या हिशोबात बसतच नाही.

गंमत अशी की, चार्जिंगला सगळ्यात सोयीची गाडी हीच. रात्रीचे नऊ तास जागची हलत नाही! तिला जलद चार्जर लागतच नाही. ३० किलोवॅटचा साधा चार्जर नऊ तास चालला की २७० युनिट, दिवसभराची बेगमी झाली. अडचण गावठाणाच्या डीपीची, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. ६३ किंवा १०० केव्हीएच्या त्या डीपीवर आधीच पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याची मोटर आणि अख्खं गाव. म्हणजे मुक्कामाची गावं आधी मोजायची, डीपी वाढवायची, पाराशेजारी चार्जर बसवायचा आणि मग गाड्यांची ऑर्डर द्यायची. आपल्याकडं आधी हिरवा झेंडा, मग फीत, मग फोटो. वायर सगळ्यात शेवटी.

आषाढीचंही तसंच. राज्याच्या कानाकोपऱ्यातून हजारो जादा गाड्या पंढरपुरात जमतात. त्यांना वाटेत डिझेल मिळतं, चार्जर चार दिवसांसाठी कुठून आणणार? जत्रा आणि कोकणातले गणपती यांच्यासाठी डिझेलच्या चांगल्या गाड्या बरीच वर्षं राखून ठेवाव्या लागतील, आणि हे उघड सांगायला लाजायचं कारण नाही.

चालकांबद्दलही एक. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसनं माणसं चिरडली, तेव्हा पहिला प्रश्न आला प्रशिक्षणाचा. वीस-पंचवीस वर्षं क्लच मारलेल्या पायाला क्लच नसलेली गाडी देताना दोन-तीन दिवसांची तोंडओळख पुरत नाही. आणि वर्कशॉपमधल्या आमच्या मेकॅनिकांना बॅटरी शिकवायची कुणी? ती म्हणे कंपनीची माणसं बघतील. करार संपल्यावर मग?

तर मित्रांनो, एक काम करा. तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येत असेल तर रात्री किती वाजता येते, सकाळी किती वाजता सुटते आणि तालुक्यापासून गाव किती किलोमीटर, एवढं खाली लिहा. बंद झाली असेल तर कुठल्या साली ते लिहा. माझ्याकडं वेळ भरपूर आहे, वही काढून बसलोय.