गोचीडताप आणि माकडताप एक नव्हे

‘गुरांचा गोचीडताप माणसाला लागून माकडताप होतो, गाईचं दूध बंद करा’ असा संदेश दोडामार्ग-सावंतवाडीकडे मोबाईलवर फिरतो आहे. तो खोटा आहे, आणि त्यापायी कुणी दुभती गाय विकू नये म्हणून हे लिहितो.

गुरांचा गोचीडताप बबेसिया, थायलेरिया या रक्तातल्या परजीवींमुळे होतो. गुरं लाल मुततात ती बबेसियामुळे. बबेसियाच्या काही जाती माणसालाही होतात. पहिली नोंद १९५७ची, युगोस्लाव्हियातली, प्लीहा काढलेल्या रुग्णाची. अमेरिकेतली लागण बहुतेक उंदरांवरच्या परजीवीची. आपल्या गुरांतला थायलेरिया माणसाला होत नाही.

माकडताप हा विषाणूचा आजार. तोही १९५७ मध्येच, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. तो पसरतो गोचिडी चावून; दुधातून किंवा रुग्णाकडून तो पसरल्याचा पुरावा नाही.

धोका आहे तो पातेऱ्यात. काजूच्या दिवसांत सुक्या पानांत गोचिडीची पिल्लं असतात, टाचणीच्या डोक्याएवढी. चावली तरी कळत नाहीत. आपण तोच पातेरा गोळा करून गोठ्यात आणतो, घरालगत रचतो! रानात जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावा. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात टाका. गुरं रानातून गोचिडी घेऊन येतात, म्हणून त्यांनाही गोचीडनाशक हवंच. मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला, आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा.