डेंग्यूचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

'डेंग्यू म्हणजे लॅबवाल्यांनी फुगवलेले आकडे. हा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायांना खोबरेल लावा. ताप आला तर पपईच्या पानांचा रस द्या, दवाखान्याच्या नादी लागू नका. एकदा झाला की पुन्हा होत नाही.' हा मेसेज मला माझ्या मावशीने पाठवला. तिचा नातू तीन दिवस तापाने फणफणलाय आणि ती त्याच्या पायांना तेल चोळतेय. म्हणून लिहितोय.

गुडघ्याचं आधी निकालात काढू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या गच्चीवरच्या टाक्यांत सापडतात. तो दिवसा चावतो, हातांना आणि मानेलाही. विषय संपला.

सगळ्यात घातक आहे ते 'दवाखान्याच्या नादी लागू नका'. पपईच्या रसाने प्लेटलेट जरा लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, एवढं मान्य. पण त्याने जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही. डेंग्यूत माणूस बहुतेकदा दगावतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळल्याने. जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की हा धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना सुरू होतो. अंग गार लागलं की घरच्यांना हायसं वाटतं, पोराला खेळायला सोडतात. नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं यांतलं काहीही दिसलं तर तासाभराचाही उशीर करू नका. तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढतो.

आता लॅबवाले. 1996 मध्ये एकट्या दिल्लीत डेंग्यूने चारशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा गल्लोगल्ली लॅब होत्या का? सरकारी नोंदीत 2010 साली देशभरात सुमारे 28 हजार रुग्ण होते, 2023 साली 2 लाख 89 हजार. तपासणी केंद्रं वाढली, त्यामुळे थोडी वाढ मोजणीतली आहे, हे कबूल. पण मृत्यूही 110 वरून 485 वर गेले. शिवाय खासगी लॅबमधली झटपट कार्ड टेस्ट सरकार 'निश्चित डेंग्यू' म्हणून मोजतच नाही. त्यासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते, आणि सरकारी केंद्रांना तिचे आयजीएम किट (डेंग्यूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारे) पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. यात कुठल्या लॅबवाल्याचा धंदा झाला?

राहिलं 'पुन्हा होत नाही'. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून कायमचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून जेमतेम काही महिने. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.