बॉनेट न उघडलेल्यांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

पालिकेच्या गाड्यांचे डिझेल सोडावे, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखाला आपण ‘एक करदाता’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, घंटागाड्या, कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) आणि बस डिझेलवरून सीएनजीवर किंवा विजेवर नेणे ही ठेकेदारांची सोय आहे. राज्यातील वीज बहुतांशी कोळशाची असल्याने धूर फक्त चंद्रपूरला जातो. सीएनजीसाठी चालक पंपावर ताटकळतात. आणि ‘ज्यांनी आयुष्यात गाडीचे बॉनेट उघडले नाही, त्यांनी पालिकेला शहाणपण शिकवू नये’.

पंपावरील रांगांचा मुद्दा रास्त आहे. डेपोतच गॅस भरण्याची सोय नसेल, तर पाळीचा मोठा भाग रांगेत जातो, हे मला मान्य आहे. बॉनेटचे वाक्य मात्र सोडून देता येत नाही.

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे एका महापालिकेच्या कार्यशाळेत गेली, आणि डिझेलचा वास अंगाला लागला की तो साबणाने जात नाही, हे मला कोणी टोपणनावाआडून सांगण्याची गरज नाही. कॉम्पॅक्टरमधील कचरा दाबणारा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्याच जोरावर चालतो. त्यामुळे गाडी जागची हलत नसतानाही चालकाला रेस द्यावी लागते, आणि तो काळा धूर समोरच्या घराच्या खिडकीत व मागे उभ्या असलेल्या सफाई कामगाराच्या नाकातोंडात जातो. त्यांच्या तोंडावरचे रुमाल पाळी संपताना कोणत्या रंगाचे होत, हे मी रोज पाहिले आहे. आपण पाहिले असल्यास तसे लिहावे. नसल्यास ‘शहाणपण’ हा शब्द जपून वापरावा.

लेखातील मुद्दा याच अनुभवातून आला होता, आणि तो आपण वाचलेला दिसत नाही. पालिकेची गाडी ठरलेल्या मार्गावर फिरते, तिचे रोजचे किलोमीटर लॉगबुकात असतात आणि पाळी संपली की ती त्याच आवारात परत येते. नागपूरहून चेन्नईला निघालेल्या ट्रकला चार्जिंग कुठे मिळेल, हा अवघड प्रश्न आहे. घंटागाडीला तो पडतच नाही. शहर बसचेही तसेच आहे. थांब्याथांब्यावर ब्रेक लागताना डिझेल बसची शक्ती ब्रेकचे लायनर तापवण्यात वाया जाते, तर विजेच्या बसमध्ये तिचा काही भाग बॅटरीत परततो. पुणे-पिंपरी चिंचवडची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलने फेब्रुवारी 2019 मध्ये पहिल्या 25 ई-बस आणल्या, तेव्हा चार्जिंगची व्यवस्था भेकराईनगर आणि निगडी डेपोतच केली, ती गाड्या रोज आपल्याच आवारात परततात, याच कारणाने. दिल्लीत शहर बस सीएनजीवर नेण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या आदेशानंतर पंपांवर रांगा लागल्या, 31 मार्च 2001 ची मुदत हुकली, बरीच ओरड झाली, तरीही 2002 च्या अखेरीस तेथील डिझेलच्या शहर बस गेल्या. आपण ज्याला अशक्य म्हणता, ते वीस वर्षांपूर्वी आपल्यापेक्षाही त्रस्त प्रवाशांच्या शहरात झाले आहे.

कोळशाविषयी एवढेच, की एका चिमणीवर धूर गाळण्याची यंत्रणा बसवून तिच्यावर लक्ष ठेवता येते, गल्लोगल्ली फिरणाऱ्या शेकडो सायलेन्सरांवर नाही. शिवाय इंदूरला देवगुराडिया येथे 2022 पासून रोज 550 टन ओला कचरा जिरवण्याच्या क्षमतेच्या प्रकल्पात जो बायो-सीएनजी तयार होतो आणि ज्यावर तेथील शहर बस धावतात, त्याचा कोळशाशी काय संबंध? ठेकेदारांवरील आरोपाला आपण एकही निविदा, एकही ठराव जोडलेला नाही. त्यावर मी काय बोलावे?

आपल्या प्रभागातील कॉम्पॅक्टर कोणत्या साली घेतला, रोज किती किलोमीटर फिरतो आणि किती डिझेल पितो, हे माहितीच्या अधिकारात मागवून येथे लिहा. त्यावर मी आकडेमोड करून उत्तर देईन. टोमण्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.