नाकासमोर

ओळखपत्रासाठी चौकोनी फोटो हवा होता, चेहरा बरोबर मध्यभागी. नवा काढायचा तर दाढी करावी लागली असती. म्हणून जुन्या ग्रुप फोटोतून स्वतःला कापून घ्यायचं ठरवलं. मी नाकासमोर चालणारा माणूस, त्यामुळे मध्यबिंदू कुठला धरायचा हा प्रश्नच नव्हता.

आधी बोटाने चौकट ओढून पाहिली. कोपरा धरायला जावं तर अख्खा फोटो सरकतो, फोटो सरकवावा तर कोपरा बोटाला चिकटून येतो. सगळं जमलं असं वाटून बोट उचललं, की जाता जाता चौकट केसभर हलणार. माझ्या डोक्यावर जेमतेम तेवढेच केस आहेत, म्हणून हा फरक मला कळतो.

"बाबा, आकडे टाका ना सरळ," म्हणत लेकीने एक ॲप उघडून दिलं. मध्यबिंदूचे क्ष आणि य, चौकटीची रुंदी आणि उंची. बस. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. माझं नाक डावीकडून ३९०० वर, खालून १८०० वर. ४०० बाय ४०० ची चौकट मागितली. आली ती दोन पोटं, एकमेकांना टेकलेली.

"य वरून मोजतात," लेक म्हणाली. शाळेतल्या आलेखात य वर चढायचा. इथे शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात बसतं आणि य वाढला की माणूस खाली घसरतो. (वयाच्या बाबतीत हे मला आधी कळायला हवं होतं.) १८०० पुसून १२०० टाकले. आता चेहरे आले. पण मधोमध एक कान, आणि तो माझा नव्हता.

हिशेब साधा होता, मीच केला नव्हता. ४०० च्या चौकटीला नाकाच्या दोन्ही बाजूंना २०० पिक्सेल लागतात. माझ्या उजवीकडे फोटो १०० पिक्सेलांतच संपत होता. ॲपने चौकट आत ढकलली, तिचं मध्य ३८०० वर गेलं आणि तिथे भावोजींचा कान होता. ग्रुप फोटोत "तुम्ही या ना मध्ये" म्हणत मी कायम कडेला उभा राहतो. त्या सौजन्याची किंमत बरोबर १०० पिक्सेल.

उरलेल्या जागी काळी पट्टी भरायची सोय होती. पण अर्ध्या उघड्या दारातून डोकावणारा माणूस दिसत होतो मी. चौकट २०० वर आणली, तेव्हा नाक मध्यभागी आलं आणि कपाळ गेलं, हनुवटी गेली. पुन्हा ४०० ला ताणल्यावर एकेका पिक्सेलचे चार झाले आणि गालांवर फरशी बसली.

त्यात लेकीने सहज सांगितलं की, ४०० पिक्सेलांना मधला पिक्सेल नसतोच. ० पासून मोजलं तर मध्य १९९ आणि २०० यांच्या फटीत पडतं. म्हणजे सगळं जुळलं असतं तरी नाक अर्धा पिक्सेल इकडे किंवा तिकडे. तासभर मी ज्या बिंदूसाठी झुरत होतो, तो जागेवर नव्हताच. मी चहा मागितला. "अहो, दाढी तरी करून घ्या," आतून आवाज आला.

कंटाळून कानवाला फोटोच पाठवून दिला. ओळखपत्र आलं. मी उजव्या कडेला, अंग चोरून. ते पाहून भावोजींचा खास फोन आला, "कान झकास आलाय हो. मूळ फोटो पाठवा, आम्हालाही एक कापून घ्यायचाय."