ट्रकाला दोन उभी धुरांडी लावायचीत? बसा, सांगतो

आधी मोबाइलवर अमेरिकेतला तो लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ बघा, दोन्ही बाजूंना ८ इंची चकचकीत पाइप आभाळाकडे तोंड करून उभे, आणि मग खाली अंगणात येऊन आपला घोडा बघा. ट्रेलर ओढायचा घोडा हो, दुसरा कुठला. ह्याला नाकच नाही, कपाळ थेट बंपरला टेकलेलं, आणि सायलेन्सर बिचारा खाली चॅसिसला धरून गपचूप. बघून लाज वाटली पाहिजे. वाटली ना? मग बँकेचे दोन हप्ते राहू देत, आपल्या गोव्यात उसगावला गॅरेजवाल्याकडे चला.

पाइप केबिनलाच क्लॅम्प करा, जवळून भारी दिसतो. आपल्या गाडीचं इंजिन केबिनखाली असतं आणि केबिन पुढे झुकवल्याशिवाय मेकॅनिकचा हात आत जात नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कूलंट सांडेल तेव्हा आठवेल. तोवर मजा करा. काही शहाणे पाइप मागे चॅसिसवर वेगळ्या स्टँडला लावतात आणि मध्ये लवचीक बेलो, म्हणजे घड्यांची नळी, टाकतात, पण तो खर्च दिसत नाही ना कोणाला, मग कशाला करायचा.

गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, असेल तर फारच छान. २०२० पासूनच्या ह्या गाड्यांत धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, सेन्सर लागतात, ती सगळी भानगड कापून सरळ पाइप मारा, आवाज असा येईल की माड हलतील. मग डॅशबोर्डावर दिवा पेटेल, कंप्युटर इंजिनाची ताकद आवळेल आणि चोर्ल्याच्या चढावर मागून भाजीचा टेम्पो हॉर्न देत पुढे निघून जाईल. त्याच्याकडे बघायचं नाही. पाइपाकडे बघायचं.

क्रोम साध्या लोखंडावरच मारून घ्या, स्टेनलेसचे पैसे कोण देतो. बंदरावर लाइनीत चार रात्री उभी राहिलात की वास्कोची खारी हवा बाकीचं काम करते, आणि खालचा इंजिनाकडचा भाग तापून निळा-पिवळा झाला तर तो डिझाइनचा भाग आहे असं सांगायचं, लोक विश्वास ठेवतात, मीसुद्धा ठेवला होता.

दिवे पण हवेतच. निळे, जांभळे, पळणारे, बंपरखाली, आरशावर, मडगार्डावर. मागचा टेल लॅम्प गेला असेल तर जाऊ दे, मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलाखाली आहे तीही राहू दे, पुढून देवळासारखी दिसते ना गाडी? काचेवर शांतादुर्गा प्रसन्न, खाली लिंबू-मिरची, आणि टायर मात्र माझ्या टकलासारखे. अनमोड घाट उतरताना ब्रेक किंचाळतात म्हणे, पण दोन पाइप उघडे असले की ते ऐकूच येत नाही, हा मोठाच फायदा आहे आणि कोणी सांगत नाही.

आरटीओवाले कटकट करतील. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही म्हणतील, आवाजाला नि धुराला १० हजारांपर्यंत दंड म्हणतील. पासिंगच्या दिवशी पाइप उतरवून घरी पलंगाखाली ठेवायचे, बायकोला सांगायचं नवीन नळाचं सामान आहे. वाड्यावरच्या वायरी आणि माडाची चुडतं मात्र कोणाचं ऐकत नाहीत, तिथे क्लीनरला बांबू देऊन टपावर बसवा, त्याला काय, हवा लागते.

आणि काम नाही म्हणून रडू नका. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये परत पडल्या, तेव्हा किती टिप्पर अंगणात गंजले, कोंबड्या अंडी घालायच्या त्यात. तुमची गाडी निदान चकचकीत उभी राहील! फाल्गुनात शिगम्याचा चित्ररथ म्हणून भाड्याने पण जाईल, वर रामायण, खाली जनरेटर, फक्त हनुमानाला पाइपापासून लांब उभा करा, शेपूट कापसाची असते.

राहिला पाऊस. वर तोंड केलेल्या पाइपात गोव्याचा जून सरळ आत शिरतो, म्हणून अमेरिकेत टोकाला वाकडा एल्बो किंवा उडणारं झाकण लावतात. आपल्याकडे नारळाची करवंटी बरोब्बर बसते, मोठी घ्या, दोन्ही एकाच नारळाच्या. गाडी चालू करायच्या आधी काढायची तेवढी लक्षात ठेवा. करवंटीला पण क्रोम मारून मिळतो का, विचारून ठेवलंय मी.