‘नकली दस्ता विकला’ या तक्रारीवर आमचं उत्तर: कार98के, बीवायएफ 43

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून घेतलेल्या कार98के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या रायफलीच्या रिसीव्हरवर (नळीमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) बीवायएफ 43 आणि 135 आहे, पण लाकडी दस्त्यावर गरुडाच्या ठशाखाली 623 आहे. उजव्या बाजूचा गरुड-एच ठसाही धड दिसत नाही, तेव्हा दस्ता नकली आणि आम्ही फसवलं.

दस्ता नकली नाही. मात्र तो या रायफलीसोबत कारखान्यातून आलेला दस्ताही नाही. जाहिरातीत आम्ही नुसतं ‘मूळ जर्मन दस्ता’ लिहिलं. वाचणारा कोणीही त्याचा अर्थ तुम्ही घेतला तोच घेईल. चूक आमची आहे.

बीवायएफ हा माउझर या जर्मन कंपनीच्या ओबर्नडॉर्फ कारखान्याचा 1941 पासूनचा संकेत. 43 हे साल आणि 135 हा तिथल्या सैन्यखात्याच्या तपासनिसांचा क्रमांक. 623 ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याचा, ज्यांच्या रायफलींवर बीएनझेड हा संकेत असतो. दोन्ही ठसे खरे, घरं वेगळी. तरीही लाकडावरचा आकडा जुळला नाही एवढ्यावरून कुठल्याच रायफलीचा निकाल लावू नका. लाकूडकाम आणि सुटे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडूनही यायचे आणि तिथे तपासनीस दुसरे असायचे. खरा निकाल लागतो तो आतल्या अनुक्रमांकावर.

तो बघायचा तर आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. साफसफाईची सळई फिरवून बाहेर घ्या. नळी आणि दस्ता एकत्र धरणाऱ्या पट्ट्यांची स्प्रिंग दाबून दोन्ही पट्ट्या पुढे सरकवून काढा आणि वरचं हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण) उचला. खालचे दोन मोठे स्क्रू सोडण्याआधी त्यांच्या शेजारचे छोटे लॉक-स्क्रू सोडायला विसरू नका. तसाच जोर लावला की खाचा खराब होतात, आणि खराब खाच पुढचा प्रत्येक खरीददार आधी बघतो. मग नळी आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी सरळ वर उचला. पुढच्या टोकाने उचकटलं तर टँगमागचं (रिसीव्हरच्या मागच्या शेपटामागचं) लाकूड चिरतं. आता नळीच्या खोबणीत आणि हँडगार्डच्या आतल्या बाजूला आकडा शोधा. जास्तीत जास्त चार अंक आणि बहुधा एक अक्षर. तेच अंक, तेच अक्षर रिसीव्हरवर हवं. अक्षराकडे दुर्लक्ष करू नका, कारण 9999 झाले की पुढच्या अक्षराने मोजणी पुन्हा 1 पासून सुरू व्हायची. अंक जुळले आणि अक्षर चुकलं तर ती दुसरीच रायफल. तुमच्या दस्त्यातला आकडा वेगळा आहे. विक्रीआधी काढलेल्या आमच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. तो फोटो जाहिरातीत टाकायलाच हवा होता.

आता गरुड-एच. एच म्हणजे हेअर, भूदल. हा ठसा पुसट आहे तो काचपेपरमुळे. बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या लोखंडी पट्टीच्या) कडेवर नख फिरवून बघा: लोखंड लाकडाच्या वर आल्याचं जाणवेल. रिकॉइल लगच्या, म्हणजे गोळी सुटतानाचा धक्का झेलणाऱ्या भागाच्या, दस्त्यातून आरपार जाणाऱ्या आडव्या बोल्टपाशीही तेच. कारखान्यातून निघताना लाकूड धातूच्या बरोबरीला किंवा किंचित वर असायचं. शंका आली की खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवी धरायची आणि दहापट भिंगातून बघायचं. जुन्या ठशाच्या तळाशी तंतू चेपलेले असतात आणि तेल, मळ आतपर्यंत एकाच रंगाचा असतो. नव्याने मारलेल्या ठशाच्या कडा धारदार राहतात आणि आतलं लाकूड फिकट दिसतं. तुमच्या दस्त्यावर उरलेली गरुडाची रेघ तळापर्यंत काळी आहे.

दस्ता बदलला कुठे, हेही रायफलीवरच आहे. रिसीव्हरच्या रिंगवर एक्स आहे आणि बोल्टवर विजेच्या पेन्सिलीने आकडा कोरलाय. सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या रायफली गोदामात सुट्या करून, साफ करून, हाताला येईल त्या भागांनी पुन्हा जोडल्या गेल्या. दस्त्यावरचं लाखेचं पॉलिश तिथलंच. अशा रायफलीचं मोल वेगळं आणि जुळत्या आकड्यांच्या रायफलीपेक्षा कमी. तुमच्याकडून घेतलेली किंमत मात्र त्या फरकाला धरून नव्हती.

म्हणून पूर्ण पैसे परत, किंवा रायफल ठेवून फरकाची रक्कम परत, जे तुम्हाला पटेल ते. परत पाठवायची तर तुमच्या जवळच्या लायसन्सधारक डीलरमार्फत पाठवा, खर्च आमचा.

तुम्ही लिहिलंय की एक कारागीर ठसा ‘उजळून’ द्यायला तयार आहे. कृपया तसं करू नका. तो दस्ता बीच झाडाच्या लाकडाच्या पातळ थरांचा, राळेने दाबून चिकटवलेला आहे. नवा ठसा मारताना वरचा थर सुटू शकतो. शिवाय आज तो खरा, पुसट ठशाचा स्टायर दस्ता आहे. उद्या खोट्या ठशाचा होईल आणि मग विकत घेणारा 623 वरही विश्वास ठेवणार नाही.

खोबणीतल्या आकड्याचा फोटो आजपासून प्रत्येक रायफलीच्या जाहिरातीत लावत आहोत. तुमच्या रायफलीचे सगळे फोटो मेलवर पाठवले आहेत.